तिला वीसपर्यंत मोजायला शिकवलं

तिनं एकापासून वीसपर्यंत आकडे म्हटले, मध्ये एकदाही अडली नाही, आणि तिथंच तिचं नुकसान झालं. समोरच्या मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी खुशीत तिच्या पाठीवर थाप मारली. पलीकडं तिची आई तोंडाला पदर लावून बसली होती, ती पदराआड हसली.

सरकारी दवाखान्यातली खोली होती. बाहेर व्हरांड्यात दार झाकेल एवढी रांग. मॅडमनी तिला नाव विचारलं, गाव विचारलं, गाईला पाय किती, आठवड्याचे वार कोणते. सगळं तिनं घडाघडा सांगितलं. मग मॅडम आईकडं वळल्या. आईनं माझ्याकडं बघितलं. म्हणून उत्तरं मी दिली.

"आंघोळ स्वतः करते?"

"करते."

रोज तिच्या अंगावर पाणी मी ओतत होते. तिला गार-गरम कळत नव्हतं, कढत पाण्यात सरळ हात घालायची.

"एकटी दुकानात जाऊन येते?"

"जाते की. मीठ आणते, काडेपेटी आणते."

एकदाच पाठवली होती. मीठ आणलंच नाही, वर पायातल्या चपला कुणाला तरी देऊन अनवाणी आली.

"पाळीचं स्वतः बघते?"

"बघते. पोरगी नीटनेटकी आहे."

तेही मीच बघत होते.

असं बरंच विचारलं. एकाचंही खरं उत्तर मी दिलं नाही. बाहेर आल्यावर स्टँडवर आम्ही तिघींनी भेळ खाल्ली. आई म्हणाली, "मावशे, तुमी व्हत्या म्हणून निभावलं. मला तर तोंडातनं शब्द फुटला नसता." मी म्हटलं, "भेळ खा. पोरीनंच केलं सगळं." पोरगी मुरमुरे एकेक करून उचलत होती. त्या दिवशी माझ्यासारखी शहाणी बारामतीत दुसरी कुणी नाही, असं मला वाटत होतं.

मी मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत मावशी होते. शाळा बारामतीच्या कडेला, जळोचीकडं जाताना. मुलांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, ओले कपडे बदलणं, रडली तर गप्प करणं, हे माझं काम. माहेर लोणी भापकरचं. चौथी झाली आणि शाळा सुटली, कारण घरी धाकटी भावंडं होती. नवरा गेल्यावर या शाळेत लागले ती म्हातारी होईपर्यंत तिथंच राहिले.

ही पोरगी मोरगावच्या पलीकडच्या वाडीतली. सात वर्षांची असताना आली. घरच्यांची पूर्वी मेंढरं होती, पुढं मेंढरं विकली, आता थोडी ज्वारी आणि पाच-सहा शेळ्या. बाप नव्हता. घरात चुलत्याचा शब्द चालायचा. पहिल्या दिवशी ती माझ्या लुगड्याचा पदर धरून झोपली आणि पुढं अकरा वर्षं तिची गादी माझ्या गादीला लागून होती. पोरगी अंगानं दणकट आणि हसरी. कुणीही हात धरला की त्याच्याबरोबर चालायला लागायची. तिला एकटीला सोडायची सोय नव्हती. चादरी मात्र तिच्यासारख्या कुणी घडी करत नसे. कोपऱ्याला कोपरा लावून अशी घडी करायची की इस्त्री केल्यासारखी वाटावी.

आमच्या शाळेत अठरा वर्षांपर्यंतच ठेवतात. अठरा झाली की गादी गुंडाळायची. पुढं ज्याचा तो. बरीचशी मुलं घरी जातात आणि गोठ्याशेजारच्या खोलीत बसून राहतात. मी अशी बघितली आहेत. मुलींचं याहून वाईट होतं. म्हणून आमच्या शिक्षिका बाई दोन वर्षं आधीपासून जागा शोधायच्या. हिच्यासाठी त्यांनी इंदापूरजवळची एक कार्यशाळा बघितली. तिथं मोठी झालेली अशी मुलंमुली राहतात आणि द्रोण-पत्रावळी, खडू असलं काम करतात. पंधरा दिवस राहून बघायचं होतं. सोबत मी गेले.

तिथं भिंतीला लागून लाकडी खुंट ठोकलेले होते आणि प्रत्येक खुंटावर लाल रेघ होती. मशीनमधून निघालेला द्रोण खुंटाशेजारी एकावर एक ठेवायचा, थप्पी लाल रेघेला टेकली की दोरीनं बांधायची. मोजायचं काही नाही. तिथं कुणालाच मोजता येत नव्हतं, आणि एकाही थप्पीत कमी-जास्त निघत नव्हतं. हिला ते दुसऱ्याच दिवशी जमलं. थप्पी बांधून झाली की ती माझ्याकडं बघून मान डोलवायची.

मी कार्यशाळा चालवणाऱ्या ताईंना म्हटलं, "आमची पोरगी दहापर्यंत मोजते. तिला रेघ नको."

ताई म्हणाल्या, "मावशी, मोजता नाही आलं तरी चालतं. तुम्ही तिला त्यात अडकवू नका. रेघ आहे ना."

मला ते लागलं. आमच्या पोरीला कमी समजतायत असं वाटलं. आता वाटतं, अख्ख्या जिल्ह्यात तिला बरोबर ओळखलेली ती एकच बाई असेल. पंधरा दिवसांनी ताई म्हणाल्या, "पोरगी आम्हाला चालेल. अठरा पूर्ण झाल्यावरचं दिव्यांगाचं नवीन सर्टिफिकेट काढून आणा, त्यावर घेते." लहानपणचा दाखला अठराव्या वर्षी संपतो, पुन्हा तपासणी होते, म्हणजे फक्त तेवढा एक कागद उरला होता.

त्याच वेळी आमच्या शिक्षिका बाई बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या. जाताना त्यांनी मला बसवून सांगितलं. "मावशी, तपासणीला तुम्ही न्या. तिला काही शिकवू नका. जशी आहे तशी दिसू द्या. आणि तुम्हाला विचारलं तर तिचा सगळ्यात वाईट दिवस डोळ्यापुढं आणून सांगा. चांगला दिवस सांगू नका."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, शिकलेल्या बायकांचं काहीतरीच. परक्या माणसापुढं पोरगी उभी करायची आणि तिची उणी बाजू सांगायची? आमच्यात असं कुणी करत नाही. पाहुणे बघायला आले की मुलीला स्वयंपाक येतो, शिवण येतं, बोलणं गोड आहे असंच सांगायचं. काळी असली तर उन्हानं झाली म्हणायचं. आणि परीक्षा म्हणजे काय ते मला माझ्या शाळेवरून ठाऊक होतं. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आमचे गुरुजी आठ दिवस आधी तेच ते प्रश्न घोकून घ्यायचे. साहेब तेच विचारायचे. मुलं ओरडून उत्तरं द्यायची. शाळेला चांगला शेरा मिळायचा. त्यात कुणाचं वाईट झालेलं मी कधी बघितलं नव्हतं.

दवाखान्यात काय विचारतात ते मला माहीत होतं. इतकी वर्षं मुलांना घेऊन त्याच खोलीत बसत आले होते. मग बाईंच्या माघारी मी दीड महिना तिच्याकडून घोकून घेतलं. सकाळी वेणी घालताना वार, भांडी घासताना आकडे. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. दहाच्या पुढं जाईना तेव्हा मी एकदा तिला चापट मारली. कधी मारत नव्हते, तेव्हा मारली. मला वाटत होतं की इंदापूरला हुशार पोरांना आधी घेतात, आणि कागदावर चांगलं आलं की तिची जागा पक्की.

कागद आला तो शाळेच्या क्लार्कनं वाचला. वाचून त्यानं तो उलटा केला, परत सुलटा केला. "मावशी, चाळीस टक्क्यांच्या खाली आलंय."

"मग बरं झालं की. आजार कमी आहे."

"बरं काय झालं? चाळीसच्या खाली म्हणजे सरकारच्या लेखी ती दिव्यांग नाहीच. इंदापूरवाले कशी घेतील?"

मी ताईंना फोन लावला. त्यांनी टक्के दोनदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "नियमात बसत नाही, मावशी. माझे हात बांधलेत." त्यांनी विचारलंही, "हे असं कसं आलं?" मी म्हटलं, काय माहीत. तीन दिवसांनी चुलता येऊन तिला आणि तिच्या पत्र्याच्या पेटीला घेऊन गेला.

शिक्षिका बाई रजेवरून आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "फेरतपासणी मागता येते. घरच्यांची सही लागेल. तुमची ओळख आहे, तुम्हीच जा."

मोरगावपर्यंत एसटीनं गेले, पुढं वाडीपर्यंत चालत. चुलता दारात शेळीच्या पायातला काटा काढत बसला होता. मला बघून त्यानं घोंगडं अंथरलं, चहा सांगितला. पोरगी आतून धावत आली आणि माझ्या अंगावर पडली. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी तो कागद होता, झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिक चढवून आणलेला.

मी म्हटलं, "तात्या, या कागदाच्या विरोधात अर्ज करायचाय. सही लागतीय."

"इरोधात? का म्हणून?"

"टक्के कमी आलेत. इंदापूरला घेत न्हाईत."

"न्हाय घेत तर न्हाय." त्यानं काटा निघाला का ते बघितलं. "मावशे, अठरा वरसं समदी वाडी हिला येडी म्हणत आली. आमच्या वैनीनं खाली मान घालून पाणी भरलं. आता सरकारनंच लिवून दिलंय की पोरगी शानी हाय. आन तुमी म्हणताय, सही करून तिला परत येडी करा?"

"तात्या, ते मी शिकवलं होतं. आकडे, वार, समदं."

"मग? साळंत शिकवत्यातच की. आमी काय पोटातनं शिकून आलो व्हय?"

ओट्यावर बसलेला एक म्हातारा हसला. आई चहा घेऊन आली, ती माझ्याकडं बघत नव्हती. तिलाही तो कागद हवा होता. मी कप हातात घेतला आणि त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं की शिकवलं एवढंच नाही, विचारलेलं सगळं मी खोटं सांगितलं. त्या माणसानं ऐकलं असतं. तो अडाणी होता पण आडमुठा नव्हता. खोटं बोलले हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. अकरा वर्षांत माझा शब्द त्या घरात खाली पडला नव्हता, तो मला माझ्या हातानं टाकवेना. चहा पिऊन मी परत आले. बाईंना सांगितलं, सही देत नाहीत.

चार महिन्यांत लग्नाचं आमंत्रण आलं. मुलगा इंदापूर तालुक्यातला, उसाचं रान, पहिली बायको नांदत नव्हती म्हणून सोडलेली. वयानं बराच मोठा. बघायला आले तेव्हा चुलत्यानं भिंतीवरचा कागद काढून त्यांच्या हातात दिला होता. मी लग्नाला गेले. जेवलेसुद्धा. ती हिरव्या चुड्यात बसली होती आणि जो येईल त्याला हसून दाखवत होती. मला जवळ ओढून म्हणाली, "मावशी, मी इंदापूरला चालली." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "द्रोण करायला." गाडीत बसेपर्यंत तिला तसंच वाटत होतं.

त्या घरी मी गेले ते लग्नाला दीड वर्ष होत आल्यावर, दिवाळीनंतर. दुपार होती, रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ती दारात केर काढत होती, एकाच जागेवर, पुन्हा पुन्हा. उजव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. अंगानं निम्मी झाली होती. मला बघून हसली, पण धावत आली नाही. आधी सासूकडं बघितलं.

सासू थकलेली बाई होती, गुडघ्याला फडकं बांधलेलं. म्हणाली, "तुमीच का त्या साळंतल्या? या, बघा तुमची इद्यार्थीन. कागदावर शानी हाय, चुलीपुढं न्हाय."

"तिला विस्तवाचं कळत न्हाय."

"कळत कसं न्हाय? आकडं म्हणून दावती की वीसपत्तुर. नाटकं करती. काम सांगितलं की उबी ऱ्हाती खुंटावानी. काम झाल्याबगर भाकर न्हाय म्हटलं, तरी उबीच. दोन-दोन दीस उपाशी ऱ्हाती पर ऐकत न्हाय."

पोरगी म्हणाली, "ते मारत्यात पण." हसतच म्हणाली, जसं आज भाजी वांग्याची आहे असं सांगावं. सासूनं ते नाकारलं नाही.

मग मी सांगितलं. खोलीत काय विचारलं आणि मी काय काय उत्तर दिलं ते एकेक सांगितलं. ज्या घरात सांगून काही वाचलं असतं तिथं सांगितलं नव्हतं, आणि इथं सांगितलं. सासू ऐकत राहिली. तिचा हात गुडघ्यावरच्या फडक्यावरून फिरत होता.

"म्हंजे तिला खरंच येत न्हाय?"

"न्हाय."

"आन मी तिला दीड वरीस..." पोरीच्या भाजलेल्या हाताकडं बघून ती म्हणाली, "मला सून पायजे व्हती, बाय. माझं हातपाय चालंनात. तुमी आदी सांगितलं असतं तर मी हिच्या वाटंला गेली नसती. कुणाचं लेकरू मला उपाशी ठिवायचं नव्हतं." मग आत गेली आणि ताटात दोन भाकरी घेऊन आली, पोरीपुढं ठेवली. पोरीनं एक खाल्ली आणि एक कमरेला खोचली.

पंधरा दिवसांत त्यांनी तिला मोरगावला आणून सोडलं. भांडण केलं नाही. सोडचिठ्ठीचे कागद व्हायला पुढं बराच काळ गेला, तेवढा काळ ती आईजवळ होती. चुलत्यानं आता सही दिली. मला तो एकच वाक्य बोलला, "तुमी तवाच तोंड उघडाय पायजे व्हतं."

फेरतपासणीला डॉक्टर वेगळे होते. त्यांनी मला विचारलं आणि मी खरं सांगितलं. आंघोळ येत नाही. विस्तव कळत नाही. पाळीचं कळत नाही. हात धरेल त्याच्याबरोबर जाते. मारलं तर सांगत नाही, विचारलं तर हसते. ती शेजारी उभी राहून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "येतंय की मला." आणि हात मागं बांधून आकडे म्हणायला लागली. मी म्हटलं, गप बस. डॉक्टर म्हणाले, म्हणू द्या. तिनं वीसपर्यंत म्हटलं. डॉक्टरांनी तिच्यापुढं चार पेन्सिली ठेवल्या आणि विचारलं, किती? ती म्हणाली, "वीस." आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघितलं. पहिल्या वेळी पेन्सिली ठेवल्या नव्हत्या. बाहेर केवढी रांग होती. त्या मॅडमना मी दोष देत नाही.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "मावशी, मी चुकली?" मी म्हटलं, "नाही, तू बरोबर केलंस." हेही खोटंच, पण ते मला परत बोलावं लागलं तर बोलेन.

या वेळी कागद चाळीसच्या बराच वर आला. इंदापूरच्या ताईंकडं जागा रिकामी नव्हती. सात महिने थांबावं लागलं, मग एक जागा झाली. आता ती तिथं आहे. द्रोण करते, थप्पी लाल रेघेला लागली की बांधते. चादरींच्या घड्याही तिच्याकडंच दिल्यात. पूर्वी पंधरा दिवस राहून गेलेली पोरगी आणि ही, यात फरक आहे. जेवताना ताटावर वाकून भराभर खाते. मागून कुणी आलं की हातातलं काम टाकून उभी राहते. तिच्या उशीखाली अजून भाकरी सापडतात. ताई म्हणतात, जाईल हळूहळू. पाहुणे आले की मला पुढं करून सांगतात, या मावशींनी हिच्यासाठी फार धावाधाव केली. पहिल्यांदा मी खरं काय ते सांगायला लागले, तर ताईंनी नजरेनंच थांबवलं. पाहुण्यांना ते नको असतं. आता मी खाली बघते आणि पाहुणे निघायची वाट बघते.

मी महिन्यातून एकदा जाते, तिचं डोकं धुऊन देते. मला वाईट वाटतं, झोप लागत नाही, हे खरं आहे, पण ते माझं माझ्याजवळ. माझा पगार चालू राहिला, मला दोन वेळा जेवायला मिळालं, माझ्या अंगावर कुणी हात टाकला नाही. त्या घरात दीड वर्ष तिनं काढलं, मी नाही.